तांब्याचा हंडा आणि अकरा झिंगे

"तुमचे झिंगे आजारी होते!"

सावेडीतल्या मत्स्यालयाच्या दुकानात मी बरणी काउंटरवर आपटली. थर्माकोलच्या खोक्यावर वाकलेला उंच माणूस वळला. बरणीत अकरा लाल झिंगे... बोटाच्या पेराएवढे, मेलेले.

"दुकानदार जेवायला गेलेत. पर झिंगे माझेच हायेत, कर्जतला पाळतो मी. पाणी कुठलं घातलंत?"

"नळाचं. औषधाचा वास जावा म्हणून रात्रभर ठेवलेलं."

"शाब्बास! ठेवलं कशात?"

"हंड्यात... तांब्याच्या."

त्यानं कपाळाला हात लावला. "मॅडम, तांबं म्हंजे यांना इख! मी डाळिंबावर मोरचूद, म्हंजे तांब्याचंच औषध, फवारून तसाच टाकीत हात घातलेला. दोनशे गेले. तुमी अकराच मारलेत."

हसू येत होतं, पण आलं नाही. घरी पाच वर्षांची इंदू होती. तिचे बाबा आम्हाला सोडून गेल्यापासून ती रोज सकाळी मोजते — आई, आजी, तीन कुंड्या, आणि परवापासून अकरा झिंगे. आज मोजून रडली होती.

माझा चेहरा बघून तो हळू म्हणाला, "टाकी धुवा. बादलीत मुरवलेलं पाणी भरा, शेवाळ धरू द्या. रविवारी येऊन बघतो. मी आदिनाथ."

तो आला. पाणी हुंगलं, काचेवर बोट फिरवलं. "अजून न्हाई." पुढच्या रविवारी बदामाची वाळकी पानं घेऊन आला.

"लोक फुलं आणतात," मी म्हटलं.

"फुलं झिंगे खात न्हाईत."

"आणि पानं मी खाते वाटतं?"

तो कानापर्यंत लाल झाला — अगदी त्याच्या झिंग्यांसारखा.

पाचव्या रविवारी त्यानं पिशवी आणली. झिंगे वाडग्यात ओतले, टाकीतून ठिबकची बारीक नळी सोडली, तिला गाठ मारली. टप... टप...

"दोन तास लागतील. परक्या पाण्यात एकदम टाकलं की मरत्यात."

"पाणी गेल्याच रविवारी तयार होतं ना? मी वाचलंय सगळं."

"व्हय."

"मग?"

"मी तयार नव्हतो."

आतून आईनं हाक मारली. स्वयंपाकघरात ती दबक्या आवाजात म्हणाली, "देवश्री, दार तरी लोटून घे. समोरच्या काकू टक लावून बसल्यात. आपलं घर काय, तो कोण! आणि पोरीला त्याचा लळा लागला, नि हाही गेला तर?"

शेवटचं वाक्य लागलं. कारण ते माझंच होतं, महिनाभर मनात घोळवलेलं.

मी बाहेर आले. इंदू त्याच्या शेजारी पालथी पडून थेंब बघत होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "आदिनाथ, ही मोजते. आता तुम्हालाही मोजते. एखाद्या रविवारी तुम्ही आला नाहीत, तर मला ते चालणार नाही."

त्यानं नळीची गाठ नीट केली. 

"मग रविवारावर कशाला ठेवायचं?" मान वर न करता तो म्हणाला. "रोजच मोजू द्या की मला... तिला. आन् तुमाला बी."

टप... टप...

समोरच्या गॅलरीत काकू अजून होत्या. मी दाराकडे गेले — आणि अर्धवट लोटलेला तो दरवाजा सताड उघडला. विटेचा तुकडा सारून अडकवूनच टाकला.

"आई, चहा ठेव. आदिनाथ जेवूनच जातील. आजही, आणि पुढेही."

आई दारात आली. उघड्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.  मग हंड्यातून भांडं भरलं आणि त्याच्यासमोर ठणकन ठेवलं.

"यांना तरी चालतं ना तांब्याचं?"

"मावशी," दोन्ही हातांनी भांडं उचलत तो म्हणाला, "तुमच्या हातचं इख बी चालंल."

आईनं तोंड फिरवलं. हसू लपवायला, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

"आई, आजी, मी, काका..." इंदू मोजत होती. "आणि अकरा!"

दार उघडंच होतं.