जुन्या आवाजाची गिटार

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, कमेंटमध्ये येऊन अक्कल शिकवू नये. मी आधीच वैतागलेली आहे.

अमावास्या होती का, रात्रीचे किती वाजले होते, हेही विचारू नका. जे झालं ते उजेडात झालं. पुण्याजवळच्या सूसमध्ये, आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, गेल्या डिसेंबरात. संध्याकाळची वेळ होती आणि खाली मुलं क्रिकेट खेळत होती.

मी अपूर्वा. घरी गिटारचे क्लास घेते, त्यावरच माझं आणि आईचं चालतं. काही वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले आणि उजवा खांदा कामातून गेला. ऑपरेशन झालं. पण दुकानात मिळते ती मोठ्या पोटाची गिटार मांडीवर घेतली की थोड्याच वेळात हात बधिर व्हायचा. शिकवणं कसंबसं जमत होतं.

स्वतःसाठी वाजवणं मात्र संपलं होतं.

मला लहान अंगाची गिटार हवी होती. शंभर वर्षांपूर्वी बनवायचे तशी, हलकी, हातानं घडवलेली. तिचा आवाज मोठा नसतो. पण असा कोरडा आणि खोल असतो, की शेजारी बसून कुणीतरी आपल्याशीच बोलतंय असं वाटतं. खऱ्या जुन्या गिटारी परदेशात मिळतात. त्यांच्या किमती ऐकून आई म्हणाली, "त्यापेक्षा एखादी खोली घेऊ." तशा घडणीच्या नव्या करणारे लोक आपल्याकडे शोधूनही सापडत नाहीत.

मला एक सापडला. तोही जवळच, कासारसाईला.

त्याचं नाव विश्राम. मूळचा तिकडच्याच माण गावचा. घरच्यांनी शेतात खोल्या बांधून आयटीवाल्या पोरांना भाड्यानं दिल्या, आणि यानं धरणाजवळ पत्र्याची शेड टाकून गिटारी घडवायला घेतल्या. वर्षाकाठी चार-पाच, फार तर. मशिनला हात लावायचा नाही. सरस उकळून लाकूड चिकटवायचा. मी नंबर लावला आणि बसले वाट बघत.

फोन केला की एकच उत्तर. "ताई, लाकूड अजून वाळलं न्हाई."

पावसाळ्यात तर तो फोनही उचलायचा नाही. मी कितीदा तिथे जाऊन भांडून आले, ते माझं मला माहीत. दोन वर्षं माझं डोकं फिरवलं या माणसानं. शेवटी गिटार झाली. एफडी मोडली, नवी घेतलेली स्कूटरही विकली. आई आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

पण पहिला सूर छेडला आणि मी रडले. खांदा दुखत नव्हता. आवाज हवा होता अगदी तसाच होता.

गिटारीच्या पोटावर तारा जिच्यावर टेकतात, ती हाडाची बारीक पट्टी पिवळसर होती. विश्राम खुशीत म्हणाला, "बाजारातलं पांढरंफेक हाड न्हाई लावलं, ताई. जुन्या गिटारीला असतं तसलं जुनं हाड घावलं."

मला त्याचं कौतुकच वाटलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी गॅलरीत बसून वाजवत होते. आणि सुरांच्या खाली... काहीतरी वाजलं.

टण...

मी थांबले. आवाजही थांबला.

पुन्हा वाजवायला लागले. पुन्हा टण... टण... जनावराच्या गळ्यातली घंटी असते तशी. चालताना वाजते त्या ठेक्यात.

मला भीतीबिती वाटली नाही. संताप आला. एवढं सगळं घालवून गिटार घेतली आणि तिच्यात काहीतरी सैल! मी सगळे स्क्रू आवळले. टॉर्च मारून पोटात बघितलं. आत काहीच नव्हतं. मोबाईलवर रेकॉर्ड केलं, तर त्यात घंटी अजूनच स्पष्ट. क्लासची मुलं विचारायला लागली, "मॅम, बकरी आणलीय का?"

मग एका संध्याकाळी मी वाजवत असताना खाली हॉर्नचा गोंगाट सुरू झाला.

गॅलरीतून वाकून बघितलं. रस्त्यावर मेंढरं उभी होती. अख्खा कळप. मागे गाड्यांची रांग, मध्ये मेंढपाळ काठी आपटून ओरडतोय, आणि मेंढरं जागची हलत नव्हती.

एकही ओरडत नव्हतं. सगळ्यांच्या माना वर होत्या...

माझ्या गॅलरीकडे.

मी गिटार खाली ठेवली. त्याबरोबर कळप हलला आणि मुकाट निघून गेला. आई म्हणाली, "बघ, तुला श्रोते मिळाले." मी हसले नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी रिक्षा करून गिटार घेऊन मी कासारसाईला गेले. विश्रामनं ती उलटीपालटी केली, ठोकून बघितली, कान लावला.

"काय दोष न्हाई, ताई."

"मग हे ऐक," म्हणत मी तिथेच स्टुलावर बसून वाजवायला लागले.

टण... टण...

विश्रामचा हात थांबला. त्यालाही ऐकू आलं होतं. इतक्यात शेडमधला उजेड कमी झाला. मी दाराकडे बघितलं.

दारात मेंढरं उभी होती.

मागे अजून होती. धरणाच्या बांधापर्यंत नुसत्या पाठीच पाठी. एकही रवंथ करत नव्हतं. मी गिटार डावीकडे सरकवली... सगळी डोकी डावीकडे वळली.

त्यांच्यातून वाट काढत एक बाई आली. बानूबाई. धरणावर मेंढरं राखणारी, विश्रामच्या ओळखीची. "खुळी झाली का काय सारी? हाट!" असं ओरडतच आली आणि माझ्या हातातली गिटार बघून थबकली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "पुन्यांदा वाजवा की."

मी वाजवलं. घंटी वाजली. बानूबाईनं हात जोडले.

"म्होरक्या हाय ह्यो. आमचा म्होरक्या."

मग तिनं सांगितलं. म्होरक्या म्हणजे त्यांचा देवाच्या नावानं सोडलेला बकरा. असा बकरा कापत नाहीत, विकतही नाहीत. तो गळ्यात घंटी बांधून पुढे चालतो आणि कळप त्याच्या मागे. म्हातारा होऊन मेला तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं त्यांनी त्याला बांधाजवळ पुरलं होतं.

"आणि ती घंटी?" मी विचारलं. "तीही पुरली का?"

"न्हाई वो. घरात खुंटीला हाय. त्याच्या माघारी कुनाच्या गळ्यात बांदलीच न्हाई."

मी विश्रामकडे बघितलं. तो पॉलिशच्या डब्याकडे बघत होता.

"विश्राम, हाड कुठून आणलंस?"

"बांधाजवळ जेसीबी चालला व्हता, तितं वर आलं. मला वाटलं, असंल कुनाच्या तरी जनावराचं."

"इचारायचं तरी, दादा," बानूबाई म्हणाली. "आमी काय लांब ऱ्हातो व्हय?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं. पण ती विनवायलाच लागली. "माजी मेंढरं वाड्यावर येईनात, ताई. दिस मावळला की वाटंवरच उबी ऱ्हात्यात. काल तर सूसच्या रस्त्यात आडली, मालकाला लोकांनी लई शिव्या घातल्या. एक कोकरू गाडीखाली गेलं. म्होरक्याला घरी येऊ द्या."

मला सगळ्यांचाच राग आला होता. विश्रामचा, मेंढरांचा, माझ्या खांद्याचा. तरी मी मान डोलावली.

विश्रामनं तारा सैल केल्या आणि पट्टी उपसून काढली. बानूबाईनं ती पदरात घेतली आणि बांधाकडे गेली. मेंढरं तिच्या मागे गेली. विश्रामनं दुसऱ्या हाडाची पट्टी बसवली, तारा चढवल्या आणि मी वाजवून बघितलं.

घंटी गेली होती.

आवाजही गेला होता. दुकानातल्या कुठल्याही गिटारीतून निघतो तसा, सपाट. विश्रामनं आणखी तीन पट्ट्या बदलून बघितल्या. शेवटी तोच म्हणाला, "ताई, असं हुयाला नको हुतं." एवढी वर्षं थांबून, एवढं घालवून मी ती गिटार घरी आणली आणि कपाटावर टाकून दिली. त्या दिवशी मी जेवलेही नाही.

आठवड्यानं विश्रामचा फोन आला. त्यानं आपणहून केलेला पहिला फोन.

"ताई, बानूबाईची निम्मी मेंढरं घरी येत्यात. निम्मी अजून वाटंवरच हायेत. दक्षिणंकडं तोंड करून."

"का?"

तो म्हणाला, "एका हाडाच्या दोन पट्ट्या निगाल्या व्हत्या."

दुसरी गिटार बेंगळुरूला गेली होती. एकनाथ नावाच्या माणसाकडे, पुण्याचाच, नोकरीसाठी तिकडे गेलेला. मी त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "मॅडम, तीन वर्षं थांबलोय मी या आवाजासाठी. पट्टीला हातही लावू देणार नाही." मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. तरी माझा पत्ता त्याला पाठवून ठेवला.

महिना गेला. परवा त्याचा मेसेज आला. "गिटार तुमच्या पत्त्यावर पाठवली आहे. पैसे नकोत. परत पाठवू नका."

मी लगेच फोन लावला. "काय झालं?"

"मी अकराव्या मजल्यावर राहतो," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी लिफ्ट आपोआप आमच्या मजल्यावर येऊन थांबते. दार उघडतं. आत कुणी नसतं. पण लिफ्टमध्ये..."

"काय?"

"लेंड्या असतात. ताज्या."

त्यानं फोन ठेवला. नंतर उचलला नाही.

खोकं आज दुपारी आलं. हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलंय, चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही. उद्या सकाळी ते घेऊन कासारसाईला जायचं, असं मी बानूबाईला कळवलंय. ती म्हणाली, लई उपकार झालं.

हे लिहीत असताना खाली हॉर्न सुरू झालेत. गॅलरीतून बघून आले. गाड्यांची रांग लागली आहे. पहिल्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरून पुढे बघतोय.

पुढे काहीच नाही. रस्ता मोकळा आहे.

आई बाहेर गेली आहे. जाताना तीनदा बजावून गेली, खोक्याला हात लावायचा नाही. मी लावलेला नाही. पण आज खांदा अजिबात दुखत नाहीये... आणि तो आवाज माझ्यापासून चार पावलांवर, पुठ्ठ्याच्या आत आहे. उद्या तो मातीत जाणार. मग या जन्मात मला काही तो पुन्हा मिळायचा नाही.

एकदाच वाजवली तर? एकच गाणं. बानूबाईला कळणार नाही.

खाली हॉर्न थांबले आहेत. जिन्यात पावलं वाजतायत. खूप पावलं.