चतुराबाईचा पडदा

“माय, सुई खाली ठेव. तुला सांगते ना, आधी ती खाली ठेव.”

कौतिकाचा आवाज चढला तशी चतुराबाईची बोटं जागच्या जागी थबकली. पोटच्या लेकीने असं बोलावं, आणि तेही जणू आईच्या हातात इंगळी असावी अशा नजरेने… हे तिला नवं नव्हतं. पण लेकीचे दिवस भरत आले असताना ते काळजाला फार लागलं.

“ग्रहण उद्या हाय, बाई,” ती हळूच म्हणाली. “आज सुई धरल्यानं काय व्हत नाय. आन् खिडकी अशी उघडी ठेवून उद्या कसं चालंल?”

चिकलठाण्याच्या त्या खोलीला खरंच पडदा नव्हता. ऐंशी सालच्या त्या मोठ्या ग्रहणाच्या बातम्या रेडिओ रोज देत होता, आणि खिडकी होती थेट मावळतीची. पडदा शिवायचा होता कौतिकाच्या आत्याने, वच्छलाबाईने. बाळंतपणही तीच करणार होती… सख्खी आई गारखेड्यात, त्याच शहरात असताना! पण आत्याला ताप भरला, जावई पुंजारामने कामावर जाताजाता तसा निरोप दिला, आणि चतुराबाई गुलमंडीवरून जाड निळं कापड घेऊन बिनबोलावता येऊन बसली.

लेक अशी का वागते, हे साऱ्या भावकीला ठाऊक होतं. कौतिका पोटात असताना ग्रहणाच्या दिवशी चतुराबाईच्या खाटेखाली कात्री, बेतलेलं झंपर आणि दोरा ओवलेली सुई सापडली होती. “माझंच हाय,” असं तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. पुढे पोर जन्माला आली ती वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. घाटीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टाके घालून ओठ जुळवला, खूण तेवढी राहिली. “आईनंच पोरीचं तोंड कापलं,” असं सासू मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, आणि त्या घरात चतुराबाईला पुन्हा कधी कुणी सुईला हात लावू दिला नाही. शाळेत पोरं चिडवत, मुलगी बघायला आलेले पाहुणे चहा पिऊन निघून जात, आणि दर वेळी कौतिका एक शब्दही न बोलता फक्त आईकडे बघत असे. त्या बघण्यापेक्षा सासूच्या शिव्या बऱ्या होत्या.

“शिव मग,” शेवटी कौतिका म्हणाली. “पण मी इथंच बसणार.”

चतुराबाईने सुतळीने खिडकी मोजली आणि बरोबर तेवढंच कापड फाडलं. वर-खाली दुमडायलाही कापड लागतं, हे तिच्या गावी नव्हतं. कितीदा तरी दोऱ्याचं टोक ओलं केलं तेव्हा तो कसाबसा सुईत गेला. मग तिने पहिला टाका घातला, ओढला… आणि सगळा दोरा कापडातून निघून हातात आला. तिने पुन्हा घातला. पुन्हा तेच.

“दोराच गुळगुळीत दिसतो मेला,” ती पुटपुटली.

“माय, गाठ मार.”

“कुठं?”

“दोऱ्याच्या शेवटाला. गाठ नसल्यावर टाका कसा धरंल?”

चतुराबाईने गाठ मारली. दुपार कलंडेपर्यंत ती शिवत राहिली. एक टाका बोटाएवढा, तर दुसरा पहिल्याच्या डोक्यावर. बोटाला सुई टोचून रक्त आलं ते तिने गुपचूप चोखून टाकलं. लेकीच्या बाळासाठी आपल्या हाताने काहीतरी होतंय, या सुखापुढे तिला ते दुखणं जाणवलंही नाही. वरची दुमड शिवून झाल्यावर ती मोठ्या हौसेने स्टुलावर चढली आणि पडद्यात सळई घालू लागली. सळई जाईना. या टोकाने नाही, त्या टोकानेही नाही. बाईने दुमड दोन्हीकडून शिवून बंद करून टाकली होती!

कौतिकाला हसू फुटलं. कितीतरी वर्षांनी ती आईसमोर अशी मोकळी हसली… आणि हसता हसता एकदम थांबली.

“माय, तुला शिवता येत नाय.”

“आत्ता कळलं व्हय तुला?”

“कंदीच येत नव्हतं. मग त्या ग्रहणात झंपर कुणी बेतलं?”

चतुराबाई खिडकीकडे वळली. “लई वर्षं झाली. शिवायचं इसरले असंन.”

“गाठ मारायची कुणी इसरत नाय, माय.”

 त्या घरात तेव्हा शिवणारी बाई एकच होती, आणि ते आता दोघींच्याही मनात होतं. कौतिकाने मात्र नाव घेतलं नाही.

“पंधरा वर्साची पोर व्हती,” चतुराबाई खाली बसत म्हणाली. “साखरपुड्याला नवं झंपर पायजे म्हणून माझ्याजवळ बसून शिवत व्हती. सासूची चाहूल लागली तसं समदं माझ्या खाटंखाली सारलं. माझंच हाय म्हणले नसते, तर सासूनं तिला फोडून काढलं असतं. मग तू झालीस. तवा तिचं नाव घेतलं असतं, तर सोयरीक मोडली असती.”

“आजीला ठावं नव्हतं तुला शिवता येत नाय ते?”

“ठावं व्हतं की. पण राग काढाया सून बरी पडती.” ती किंचित हसली. “सुईनं ओठ फाटत नसतो, आसं घाटीतला डाक्टर तवाच म्हणला व्हता. माझं ऐकतं कोण?”

“मला तरी सांगायचं, माय…” कौतिका आईजवळ येऊन बसली.

“तू आत्याला टाकलं असतंस. मला तर तू कवाच टाकलं व्हतं. मग तुला मायेचं कोण राहिलं असतं, बाई?”

कौतिकाने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ती हमसून हमसून रडली. मग तिने दुमडीची टोकं उसवून सळई कशी घालायची ते सांगितलं, आणि चतुराबाईने पडदा लावला. तो वीतभर आखूड पडला. उरलेल्या कापडाची पट्टी खाली जोडली तेव्हा खिडकी झाकली गेली.

दिवेलागणीला रिक्षातून वच्छलाबाई उतरली. अंगात ताप, खांद्यावर शाल, आणि काखेत तशातच शिवून आणलेला पडदा. उंबऱ्यातूनच तिची नजर खिडकीवर गेली. शिवणकामात जन्म गेलेल्या बाईला ते टाके दुरूनही दिसले.

“हे कुणी शिवलं?”

“मायनं,” कौतिका म्हणाली. “मी बसून बघितलं सगळं.”

 वच्छलाबाई दारातच खाली बसली. “वैनी…” एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि पुढचं सगळं हुंदक्यात बुडालं. चतुराबाईने धावत जाऊन आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“तुमी पोर व्हता तवा. उठा, फरशी गार हाय. आंग तापलंय किती.”

कौतिका दोघींकडे बघत उभी होती. आत्याचा संताप आला होता, फार आला होता… पण त्याहून जास्त स्वतःचा आला होता. एकीला तिने जन्मभर माया दिली होती, आणि दुसरीला? दुसरीला तिने साधं जेवलीस का म्हणूनही कधी विचारलं नव्हतं.

“आत्या,” ती म्हणाली, “बाळंतपणाला तू ये. ठरल्यासारखी ये. पण बाळ पयलं मायच्या हातात द्यायचं. ओठ कसाबी असू दे त्याचा, पयलं मायच्याच हातात.”

सासूच्या बोलण्याने, भावकीच्या कुजबुजीने, लेकीच्या त्या मुक्या बघण्याने जिच्या डोळ्यांतून कधी टिपूस गळलं नव्हतं, ती चतुराबाई नणंदेचं तापलेलं डोकं छातीशी धरून लहान पोरीसारखी मोठ्याने रडू लागली.