वाटेची मूठ

"शरयू, घासून झाले की मुखवटे कपाटात नको ठेवू बरं. तनयच्या बॅगेत जायचे आहेत ते!"

सासूबाई अनसूयाबाई सहज बोलून गेल्या, आणि चिंचेच्या कोळात बुडालेले शरयूचे हात जागच्या जागी थिजले... थोरल्या महालक्ष्मीचा पितळी मुखवटा अर्धा उजळला होता आणि अर्धा अजून वर्षभराच्या काळेपणात होता. एका डोळ्यानं देवी तिच्याकडे बघत होती.

"बॅगेत? म्हणजे... ब्राझीलला?"

"मग काय! तिथंच तर राहून राहिला ना तो. घरातला एकच मुलगा उरला, लक्ष्म्या त्याच्याकडेच जाणार. माझ्यामागं तू एकटी बाई कोणासाठी करशील? आणि यंदा उंबरठ्यावरून धाकटी सूनच आणेल त्यांना. ती नेसवेल, ती बसवेल. तू आपलं स्वयंपाकघर सांभाळ."

शरयू पुन्हा मुखवटा घासू लागली. न बोलण्याची तिला इतकी सवय झाली होती, की तिचं गप्प राहणं जबलपूरच्या राइट टाउनमधल्या त्या घरात कोणाच्या लक्षातसुद्धा येत नसे! भोसल्यांच्या चाकरीत घराण्याचा मूळपुरुष नागपूरहून निघाला, तेव्हा हे मुखवटे बैलगाडीत तांदळात पुरून आणले होते आणि तिलवाऱ्याला नर्मदा ओलांडताना त्याच्या बायकोनं ते उराशी धरले होते, असं घरात सांगत. नवरा गेल्यापासून शरयूनं तरी दुसरं काय उराशी धरलं होतं?

विष्णू तापानं फणफणून चार दिवसांत गेला, तेव्हा तिच्या हातावरची मेंदी पुरती उतरलीसुद्धा नव्हती. संरक्षण कारखान्यातली त्याची नोकरी तिला मिळाली, आणि नोकरीबरोबर मिळाला शाळेत जाणारा धाकटा दीर, तनय. माहेरून भाऊ न्यायला आला होता, दुसरं स्थळही बघून ठेवलं होतं त्यानं! पण तनयनं तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि सोडलंच नाही. भाऊ एकटाच परत गेला. मग सकाळी भोंगा व्हायच्या आधी पोळ्या लाटायच्या, तनयचा डबा भरायचा, सायकल दामटायची... असा तिचा संसार झाला. नवऱ्याशिवायचा संसार, पण संसारच!

महालक्ष्म्याही तीच करी. सोळा भाज्या तिनं निवडायच्या, आंबील तिनं ढवळायची, कोठ्यांवर लुगडी तिनं नेसवायची... आणि ऐन उंबरठ्यावर मात्र तिनं मागं सरायचं, कारण ती सवाष्ण नव्हती! शेजारच्या बेबीताई पैठणी नेसून तयारच असत. त्या मुखवटे घेऊन आत येत आणि शरयू स्वयंपाकघराच्या दाराआडून डोळे भरून बघे.

एवढंच तिचं होतं. आता तेही विमानात बसून जाणार होतं.

आणि ते नेणार होता तनय. जो तिच्याशी गेली कित्येक वर्षं धड बोललेला नव्हता!

त्याला तसंच कारण होतं... तो दिवस. ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या जोइनविल नावाच्या गावातल्या मोठ्या कारखान्यानं त्याला बोलावलं होतं, आणि हा शहाणा नाही म्हणून बसला होता! "वहिनी, तुला एकटीला टाकून नाही जात मी." आई रडत होती, ती वेगळीच. शरयूनं रात्रभर विचार केला. हा पोरगा आपल्या पायात पाय अडकवून जन्मभर इथंच बसणार, आणि त्याला कारण आपण? सकाळी तिनं काळजावर दगड ठेवला आणि तोंडाला येईल ते बोलली. "माझ्या नवऱ्याच्या नोकरीवर चालून राहिलं हे घर. तुला किती दिवस पोसायचं मी? जा! इथं तुझं काही नाही!"

तो पांढराफटक पडला. आणि गेला. गेला, फळला, तिथंच लग्न करून राहिला... आईला फोन करी, वहिनीला कधी फोनवर बोलावलं नाही. अनसूयाबाई येईल-जाईल त्याला सांगत, "थोरल्या सुनेनं हाकललं हो माझ्या लेकराला!" शरयू तेही ऐकून घेई आणि भाकरी थापत राही.

*

डुमना विमानतळावरून टॅक्सी आली. आधी तनय उतरला, कानशिलावर चार पांढरे केस घेऊन. त्यानं वाकून नमस्कार केला.

"कशा आहात, वहिनी?"

आहात! जिला तो 'ए वहिनी, भूक लागली' म्हणून हाका मारी, तिला आता तो आहात म्हणत होता. शरयूनं नुसतं डोकं हलवलं.

मग उतरली त्याची बायको इंग्रिड, उंच, सोनेरी केसांची, कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेली. आणि तिच्या मागून एका चिमुरडीची सोनेरी शेंडी. त्या शेंडीनं दारात उभ्या बायांकडे एकवार पाहिलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली,

"काहून उभ्या राहून राहिल्या सगळ्या? भूक लागली ना बाप्पा!"

हशा पिकला! बेबीताई तर पोट धरून खाली बसल्या. त्यांचे स्वतःचे नातू हिंदीशिवाय शब्द बोलत नव्हते. पण शरयूला हसू फुटेना... ते 'बाप्पा' तिचं होतं. कमरेवरचा तो हातही तिचाच होता. सातासमुद्रापार कोणीतरी तिला जसंच्या तसं जपून ठेवलं होतं!

"तू मोठी आई ना?" पोर सरळ तिच्याजवळ आली. "मी दीप्ती. बाबा म्हणतात, तुझ्या हातचं वरण जगात कोणाला येत नाही."

"दीप्ती, चल आत," तनय घाईघाईनं म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

संध्याकाळी जेवताना अनसूयाबाईंनी सुनेच्या गावाची चौकशी आरंभली. इंग्रिड मोडकं मराठी बोले, अडलं की तनय आणि दीप्ती दोन्हीकडून जोड देत.

"आमचं गाव एका राजकन्येचं. लग्नात मिळालेली जमीन."

"म्हणजे हुंड्यात गाव?" अनसूयाबाईंचा घास हातातच राहिला. "आणि आमच्याकडं लग्नात एका घागरीच्या मानपानावरून मांडव डोक्यावर घेतला होता!"

इंग्रिड हसली. मग सांगू लागली. जर्मनीतून, स्वित्झर्लंडमधून, नॉर्वेतून गरीब माणसं जहाजात बसून आली. गाव मिळेल म्हणून आली, आणि समोर बघतात तो जंगल! चिखल, डास, ताप, आणि पाऊस तर असा की आजही आमच्याकडं छत्री विसरणाऱ्याला वेडा म्हणतात. माणसं मेली, उरलेल्यांनी झाडं तोडली, घरं बांधली, कारखाने काढले. सायकलींवर बसून कामाला जाऊ लागले.

"अच्छा! आपल्या जबलपुरासारखंच," बेबीताई म्हणाल्या.

"हो. आणि आजीच्या घरात अजून जर्मन बोलतात. दाराबाहेर पोर्तुगीज."

"हे बघा! घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. ही तर आपल्यातलीच निघाली!"

"पण एक गोष्ट वाईट आहे," इंग्रिडचा आवाज उतरला. "माझ्या आजीच्या आजीनं जहाजात चढताना आईचा लाकडी साचा आणला. सणाच्या बिस्किटांचा. तो तिच्या मोठ्या बहिणीकडं होता, ती आईला सांभाळत होती. हिनं न विचारता घेतला. बहीण पुन्हा कधी बोलली नाही... साचा आमच्या भिंतीवर आहे अजून. आजी त्यात बिस्किट करत नाही. म्हणते, हा रडवून आणलाय."

शरयू वरण वाढायच्या निमित्तानं उठून आत गेली.

*

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या यायच्या होत्या. अंगणापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं उमटली होती. बाया जमल्या होत्या. शरयू, हुकमाप्रमाणे, स्वयंपाकघरात होती.

"हे बघ इंग्रिड," बाहेर अनसूयाबाई शिकवत होत्या, "ह्या पत्र्याच्या कोठ्या म्हणजे देवीचं धड. ह्यात गहू-तांदूळ भरायचे, मग लुगडं. आधी आतून पूस..."

शरयूच्या हातातला झारा खाली पडला. कोठी! धाकटीची कोठी! इतकी वर्षं तिच्याखेरीज कोणाचा हात तिला लागला नव्हता... ती धावली, पण तोवर दीप्तीनं खांद्यापर्यंत हात आत घातला होता.

"आजी, हिच्या पोटात काहीतरी आहे!"

एक लहानसं गाठोडं निघालं. मग दुसरं. मग आणखी, आणखी... कडुलिंबाच्या वाळक्या पाल्यासकट जमिनीवर ढीग झाला. निळ्या चौकड्यांच्या कापडात बांधलेल्या पुरचुंड्या. एकीची गाठ सुटली आणि मूठभर तांदूळ फरशीवर पसरले.

अनसूयाबाई मटकन पाटावर बसल्या.

"वाटेची मूठ..." त्या पुटपुटल्या.

त्या घरातलीच चाल होती ती, घोड्यावरून चाकरीवर जायच्या दिवसांपासूनची. घरचं माणूस लांब गेलं, की दर महालक्ष्म्यांना त्याच्या नावानं मूठभर तांदूळ धाकटीच्या कोठीत ठेवायचे. तो परतेपर्यंत ते शिजवायचे नाहीत. ज्याला घराची वाट दिसत राहावी, त्याच्यासाठीच ठेवायची ती. तनयनं तिकडं लग्न केल्याचं कळलं, तेव्हा संतापानं अनसूयाबाईंनीच हुकूम सोडला होता, "त्याच्या नावाची मूठ बंद! मेला तो मला!"

तनयनं वाकून एक पुरचुंडी उचलली. ते कापड त्यानं ओळखलं. घर सोडताना खुंटीवर टाकून गेलेला त्याचा शर्ट!

"आई, हे तू ठेवलंस?"

अनसूयाबाईंनी मान हलवली. नाही.

तनय हळूहळू वळला. दारात शरयू उभी होती, पदराला पिठाचे हात पुसत, चोरी पकडली गेल्यासारखी.

"वहिनी..." त्यानं पुरचुंडी तिच्यापुढं धरली. "इथं तुझं काही नाही म्हणाली होतीस ना? मग हे काय आहे? कोणाचं आहे हे? सांग ना!"

उत्तर आलं ते पाटावरून.

"ती नाही सांगणार. मी सांगते." अनसूयाबाईंचा आवाज फाटला. "तू गेलास त्या दिवशी मी देवघरात होते. तुझी रिक्षा वळली आणि ही ह्या चौकटीला धरून खाली बसली. तोंडात पदर कोंबून रडत होती... 'देवा, माझ्या लेकराला माझा राग येऊ दे, पण त्याला मागं फिरवू नको.' स्वतःच्या कानांनी ऐकलं मी! तरी गावभर हिलाच बोलत राहिले. तुला काही म्हणवत नव्हतं रे मला... राग काढायला ही समोर होती, आणि ही कधी उलटून बोलली नाही!"

"वहिनी!" तनय धावला. कानशिलं पिकलेला तो पुरुष तिच्या पायाशी बसला आणि त्यानं तिच्या पदराचं टोक धरलं, लहानपणी धरलं होतं तसंच! "काहून असं केलं तू? एकदा तरी सांगायचं ना! मी तुझ्या शब्दांवर जळत राहिलो, आणि माझ्या पोरीला मात्र तुझेच शब्द शिकवत राहिलो..."

"ऊठ, वेड्या," त्याच्या केसांत हात फिरवत शरयू म्हणाली. तिचे अश्रू आता कोणालाच आवरत नव्हते, तिलाही. "सांगितलं असतं तर गेला असता का तू?"

इंग्रिडनं ताम्हनातले दोन्ही मुखवटे उचलले आणि सासूसमोर नेले.

"आई, हे मी नाही नेणार. आमच्या घरात एक साचा रडतो आहे. दुसरा नको."

अनसूयाबाईंनी डोळे पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि ते मुखवटे घेऊन थेट शरयूपुढं उभ्या राहिल्या.

"धर. अंगणात जा, आणि आण माझ्या लक्ष्म्यांना आत."

बाया चपापल्या. "अहो अनसूयाबाई," बेबीताई चाचरल्या, "पण सवाष्णीच्या हातून..."

"बेबी!" म्हातारीचा आवाज असा कडाडला की अंगणातल्या चिमण्या उडाल्या. "सोळा भाज्या हिच्या हातच्या चालतात, लुगडं हिच्या हातचं चालतं, आणि उंबरठा तेवढा बाटतो होय? एवढी वर्षं मी उंबरठ्यावर लक्ष्मीची वाट पाहत होते आणि खरी लक्ष्मी दाराआड उभी केली होती! चलो, घंटा वाजवा!"

बेबीताईंनी क्षणभर पाहिलं. मग स्वतःच्या केसांतला गजरा काढून त्यांनी शरयूच्या अंबाड्यात खोवला.

शरयू अंगणात गेली. सुती साडी, पिठाचे हात, आणि त्या हातांत उन्हानं झळाळणारे दोन मुखवटे. रांगोळीच्या पहिल्या पावलावर तिनं पाऊल ठेवलं. घंटा घणघणली, दीप्ती ताट बडवू लागली, तनय मोठमोठ्यानं रडत टाळ्या वाजवत होता. पावलामागून पाऊल... उंबरठा आला. आजवर इथंच तिला मागं सरावं लागे.

आतून अनसूयाबाईंनी विचारलं, "कोण आलं?"

शरयूनं मुखवटे उराशी घट्ट धरले आणि उंबरठ्याकडं बघत राहिली.

"मोठी आई, सांग ना बाप्पा!" दीप्ती ओरडली.

आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात शरयू म्हणाली,

"लक्ष्मी आली!"

"कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं!" म्हणत तिनं उंबरठा ओलांडला.

*

दुसऱ्या दिवशी त्या साऱ्या मुठींचा भात शिजला. जुना तांदूळ, पातेलं भरून फुलला! तनयनं भातावर वरण ओढून घेतलं आणि ताट चाटूनपुसून खाल्लं, वर निर्लज्जपणे आणखी मागितलं.

विसर्जनानंतर कोठ्या रिकाम्या झाल्या. अनसूयाबाईंनी तांदळाची मूठ धाकटीच्या कोठीत टाकली, मुलाच्या नावाची, सगळ्यांच्या देखत. दीप्ती डोळे बारीक करून बघत होती. तिनंही डब्यात हात घालून चिमुकली मूठ भरली आणि आपल्या रुमालात बांधली.

"ही कोणाची गं?" शरयूनं विचारलं.

"तुझी. ही आमच्या जोइनविलच्या घरात राहणार. तू तिथं येशील तेव्हाच शिजवायची."

शरयू हसायला लागली. "मी? अगं, मी कशाला लांब गेले?"

"आमच्याहून लांबच आहेस ना तू," तनय म्हणाला. "मूठ पडली आता, वहिनी. चाल मोडता येत नाही."

शरयूनं सासूकडं पाहिलं. अनसूयाबाई मुखवटे मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवत होत्या, आपल्या जागी.

"माझ्याकडं काय बघून राहिली?" त्या न वळताच म्हणाल्या. "सदर बाजारात जाऊन मोठी बॅग आण. बेबी बघेल मला महिनाभर. आणि हे बघ, छत्री नको विसरू. पाऊस फार असतो म्हणे तिकडं."