उत्तम शेऱ्याची नळी

साक्षीनळी खोटं बोलत नाही, यावर शहरातल्या प्रयोगशाळेतल्या डॉ. अनुपमा घारपुरेंचा भारी विश्वास. नळीच्या बुडाशी तांदळाएवढा टिपणकण असे. रक्त आत आलं, की धक्के, तापमान, तास, सगळं तो टिपून घेई आणि त्यावरून नळीला शेरा देई. याच नळ्यांच्या भरवशावर बाईंनी ‘किनारी विकार’ शोधला होता: एका मच्छीमार वस्तीत बासष्ट जणांचं पोटॅशियम चढलेलं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून गेले चार महिने तिथे शहाळी बंद होती.

कालपासून त्याच वस्तीतल्या रतनबाई कुबल जुलाबांनी बेजार होऊन आरोग्यकेंद्रात पडल्या होत्या. पोटॅशियम ६.४; हवं साडेतीन ते पाच. उपचार ठरवणाऱ्या संगणकाने ते उतरवणारं औषध मंजूरही केलं. वीस मिनिटांत ते सलाईनमधून सुरू होणार होतं.

“अहो, पण यांच्या हृदयालेखात पोटॅशियम चढल्याची एकही खूण नाही!” केंद्रातले डॉ. मुजावर पडद्यावरून कळवळून म्हणाले. “जुलाबांत पोटॅशियम घटतं. घटलेलं असताना हे औषध गेलं, तर बाई हातची जाईल. नळी ड्रोनमध्ये हिंदकळली नसेल ना?”

“हिंदकळली असती तर पेशी फुटून द्रव लाल झाला असता. हा स्वच्छ पिवळा आहे. नळीचा शेरा ‘उत्तम’. रक्त घेऊन वीस तास, तापमान दोन अंश...” घारपुरे थबकल्या. “दोन? एवढं गार कुणी केलं?”

केंद्रात रक्त घेणाऱ्या सुषमा पराडकर पडद्यावर पुढे आल्या. “मीच, मॅडम. ड्रोन दुसऱ्या दिवशी येतो. सुरमई ठेवतो तशी नळी बर्फात दाबून ठेवते. रक्त ताजं राहायला नको?”

“अगं बाई! सुरमई मेलेली असते, रक्तपेशी जिवंत असतात. गारठ्यात पोटॅशियम आत धरून ठेवणारा त्यांचा पंप मंदावतो आणि न फुटताच पोटॅशियम बाहेर झिरपतं. आणि आम्ही दीडशहाण्यांनी टिपणकणाला शिकवलं, जितकं थंड तितकं उत्तम!” घारपुरेंना स्वतःचाच संताप आला. “औषध थांबवा. ताजं रक्त पाठवा, बर्फाशिवाय, तातडीच्या ड्रोनने, आत्ताच्या आत्ता!”

चाळीस मिनिटांनी आकडा आला: २.९.

“घटलेलंच निघालं. वाचली बाई!” मुजावर म्हणाले.

घारपुरेंनी बासष्ट जुने शेरे उघडले. सगळे ‘उत्तम’, सगळे दोन अंश. त्यांचा गाजलेला विकार बर्फाच्या पेटीत जन्मला होता. त्या आधी ओशाळल्या, मग मोकळेपणाने हसत सुटल्या.

पडद्यावर रतनबाईंनी डोळे किलकिले केले. “मगे, आता शहाळ्याचा पाणी पिऊ मां?”

“प्या हो,” मुजावर म्हणाले. “आज तर औषध म्हणूनच प्या.”