रिकामी म्हटलेली जागा

निनाद दळवीला जाऊन सहा वर्षं झाली तरी त्याच्या नावाने नोटिसा येतच होत्या. मेल्यावर माणसाचं मन यंत्रात ठेवायची सोय झाली, पण नोटिसांतून सुटका काही झाली नाही. 'स्मृतीचा वापर ९६ टक्के. आज पाचपर्यंत जागा सोडा, अन्यथा मन कायमचं बंद होईल.' मिरजेच्या मनकेंद्रात त्याच्या बायकोची, केतकीची, ही तिसरी खेप. आणि पडद्यावरून निनाद निवांतपणे सांगत होता, "अगं, अर्धी जागा रिकामी आहे माझ्याकडे. त्यांचंच काहीतरी चुकतंय."

केतकीचं डोकं फिरलं. "दोघांतलं एक कोणीतरी खोटं बोलतंय," ती तिथल्या अभियंत्याला, रिझवान तांबोळीला म्हणाली. "आकडे जुळवून द्या. तोवर मी हलणार नाही."

"कुणीच खोटं बोलत नाही, काकू. या एका यंत्रात चारशे मनं राहतात. यंत्र म्हणजे यजमान, मन म्हणजे पाहुणा. पाहुण्याने कप्प्यात काही ठेवलं की यजमान नोंद करतो, कप्पा भरला. पुढे पाहुण्याने ते नको म्हणून आपल्या यादीतून खोडलं, तरी यजमानाला ते कळत नाही. त्याच्या लेखी कप्पा भरलेलाच."

"मग कळवा की त्याला! एवढ्यासाठी तीन खेपा?"

"कळवलं की कप्पे पुसले जातात. तुमची सही लागेल." तो घुटमळला. "खोडलेलं अजून आत आहे. एकदा बघून घ्या."

तिने पाहिलं. शाळेचा डबा. तापाने फणफणलेलं कपाळ. ओवी. त्यांची ओवी, जन्मापासून, नवव्या वर्षी ती गेली त्या दवाखान्यापर्यंत. चार वर्षांपूर्वी निनादने एकेक करून सगळं खोडलं होतं.

"निनाद, ओवी आठवते?"

"ओवी कोण गं?"

तिला संताप आला, रडूही आलं. बापाने टाकलेली पोर एका मठ्ठ यंत्राने सांभाळली होती, तीही न कळत.

"परत घालता येईल त्याच्यात?"

"नाही, काकू. पाहुण्याने आपण होऊन खोडलेलं परत घालता येत नाही. आणि आत्ता दिसलं ते त्याच्या मनातून; बाहेर काढून ठेवलं तर कुणाला वाचताही येणार नाही."

"आणि सही नाही केली तर?"

"पाचला दोघंही जातील."

पाच वाजायला सात मिनिटं होती. केतकीने सही केली. यजमानाच्या आणि पाहुण्याच्या, दोन्ही पाट्यांवर वापराचा एकच आकडा आला, ४८ टक्के.

पडद्यावर निनाद हसला. "बघ, म्हटलं नव्हतं? रिकामीच होती."