आठचा टेम्पो, नऊचा टेम्पो

"छायानंच केलंय. त्या कॉम्प्युटरला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाय," भिमाजी मोगल म्हणाले.

मार्च २००३. पिंपळगाव बसवंतचं त्यांचं कोल्ड स्टोरेज द्राक्षांनी भरलं होतं. नाशिकहून आलेली खासगी तपासनीस शुभांगी बोरस्ते एका पेटीतले गोठून काळे पडलेले मणी पाहत होती. तिचा सहकारी कुंदन टिपणं घेत होता.

"कोणता माल गेला?"

"मंगळवारी आठचा आन् नऊचा टेम्पो. काल गुरुवारी बी तेच दोन. दहापासनं पुढचे सगळे चांगले."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी पयला टेम्पो सातलाच आला. त्या दिवशी कायबी बिघडलं नाय. दुपारी पोलिसांना बोलावतोय मी."

छाया ताठ उभी होती. "टेम्पो कितीला आला ते मी टाइप करते, मॅडम. त्याच्या खोलीत गार हवा किती तास सोडायची, ते कॉम्प्युटर ठरवतो. दोन वर्षं हेच करते."

"या आठवड्यात काही बदललं?"

"नाय. फक्त परदेशी पाहुणे तपासणीला येणार, म्हणून मालकांनी सोमवारी सांगितलं, सगळे आकडे दोन अंकी लिही. नीटनेटके दिसतात."

प्रोग्रॅम लिहिणारा संतोष हिरमुसला होता. "माझा प्रोग्रॅम सी भाषेत आहे. पण सूत्र दर हंगामाला बदलतं, म्हणून ते वेगळ्या फाइलीत ठेवलंय. सी प्रोग्रॅम त्यात टेम्पोची वेळ घालतो आणि ती ओळ टीसीएल या स्क्रिप्ट भाषेकडे सोडवायला देतो. उत्तर येईल तितके तास पंखे चालतात. फाइलीला जानेवारीपासून कुणी हात लावलेला नाही."

"म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलतंय," कुंदन पुटपुटला.

"दोघंही खरं बोलताहेत," शुभांगी म्हणाली. "छायाताई, चाचणीसाठी नुसता ८ टाका."

पडद्यावर उत्तर आलं: चार तास.

"आता १६."

नऊ तास. दुपारचा माल तापलेला असतो.

"आता ०८."

पुन्हा नऊ तास! संतोषनं कपाळाला हात लावला.

"टीसीएलमध्ये आकड्याआधी शून्य आलं, की तो आठाच्या पायावरचा आकडा ठरतो," शुभांगी म्हणाली. "त्या मोजणीत सातच्या पुढे अंकच नाहीत. ०७ चालतो. ०८ आणि ०९ दिले, की ती भाषा चूक झाल्याचं कळवते, उत्तर देत नाही. संतोष, तुमचा सी प्रोग्रॅम ती चूक तपासतो?"

"नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आधीचं उत्तर तसंच वापरतो."

"सकाळी आठ-नऊला आधीचं उत्तर म्हणजे आदल्या संध्याकाळच्या तापलेल्या मालाचं, नऊ तासांचं. म्हणून माल गोठला. बुधवारी मात्र ०७ चं योग्य उत्तर हाताशी होतं, म्हणून सगळं वाचलं."

कुंदनची पेन्सिल थांबली. "मग गुन्हेगार कोण?"

"नीटनेटक्या आकड्यांचा हुकूम. आणि तो मोगलसाहेबांचा. आज सकाळचे दोन टेम्पो कुठे आहेत?"

"तीन आन् चार नंबरच्या खोलीत!" मोगल ओरडले. घड्याळात पावणेबारा वाजले होते.

छाया सगळ्यांच्या आधी धावली. तिनं दोन्ही खोल्यांचे पंखे हातानं बंद केले. मोगलांनी पेटी उघडली. मणी हिरवेगार, टणक. त्यांनी एक तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

मग सगळ्या कामगारांसमोर ते छायापुढे आले. "चुकलो मी, पोरी. लय वाईट बोललो."

बाहेर हॉर्न वाजला.

"सरका मालक," छाया खुर्चीत बसत हसली, "बाराचा टेम्पो आलाय."