निकाल यायच्या आधी

गोळी टेसच्या बोटांतून निसटली, फरशीवर टुणकन उडाली आणि समोर बसलेल्या माणसाच्या बुटाशी जाऊन थांबली.

"हलू नका!" टेस ओरडली.

तो एक पाय अधांतरी धरून थिजला. "का? चावते?"

"माझी सकाळची गोळी आहे ती."

त्याने वाकून ती उचलली, पाहिली, आणि हसला. खिशातून डबी काढून पुढे केली, तर आत तश्शीच गोळी. "ही घे. माझ्याकडे जास्तीची आहे. पडलेली नको... आपल्या पोटात पाहुणा राहतो, त्याला जपायला हवं."

मिलवॉकीच्या त्या रक्त तपासणीच्या खोलीत सकाळी येणारे सगळे असेच, कुणाची तरी किडनी पोटात आणि गोळी मुठीत घेऊन बसणारे. रक्त दिल्याशिवाय गोळी गिळायची नाही. आधी गिळली की रक्तातल्या औषधाचा अंदाज चुकतो, मग रक्त काढणारी डोलोरेसबाई सुई खाली ठेवते आणि म्हणते, "उद्या या."

त्याचं नाव एमेट. तो शेबॉयगनला बोटी दुरुस्त करायचा आणि तासभर गाडी हाकत यायचा. त्याला किडनी देणारा कोण होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. टेसला दिली होती थोरल्या बहिणीने, मार्नीने. ती दर रविवारी फोन करून विचारायची, "काय गं, माझी किडनी काय म्हणते?" टेस कशी आहे हे मागाहून.

पुढच्या खेपेला एमेटने तिच्या शेजारची खुर्ची धरली. दोघांचेही हात कापायचे. त्या गोळीचा गुणच तो. त्याने तिला कॉफी आणून दिली, तेव्हा अर्धी बशीत सांडलेली.

"हा गोळीचा परिणाम," तो घाईने म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं?"

"तू बघत होतीस."

"कॉफीकडे बघत होते!" ...आणि कान लाल झाले ते टेसचे.

मग ते चालूच राहिलं. ग्रेपफ्रूट हे फळ त्या गोळीवर चालत नाही, दोघांनाही वर्ज्य, म्हणून दोघांनाही तेच हवंसं वाटायचं. त्याच्या कोटाला वार्निशचा वास यायचा, बाहेरच्या बर्फाचाही. तो आत आला की टेस मुद्दाम मासिकात डोकं घालायची आणि एकच पान चाळीत बसायची. डोलोरेसबाई नाव पुकारून दमायची. "पोरी, रक्त द्यायला आलीस की मासिक पाठ करायला?"

एवढं सगळं होतं, पण फोन नंबर नव्हता. कारण टेसचा नियम. डायलिसिसच्या दिवसांत तिच्या शेजारच्या खुर्चीवर रुबी असायची. दोघी मिळून मशीनला शिव्या द्यायच्या, बरं झाल्यावर कुठे कुठे जायचं ते ठरवायच्या. एका सकाळी ती खुर्ची रिकामी दिसली, आणि दुसऱ्या आठवड्यात तिथे एक म्हातारेबुवा शब्दकोडं सोडवत बसले होते. टेसच्या फोनमध्ये रुबीचा नंबर अजून होता. तो पुसवत नव्हता आणि लावता येत नव्हता. पुन्हा कुठल्या पेशंटचा नंबर घ्यायचा नाही, हे तिने तेव्हाच ठरवलं, आणि एमेटला तिसऱ्याच भेटीत सांगून टाकलं. तो नुसता "कळलं" म्हणाला. त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही. मेला शहाणा होता तो, एवढा हट्ट करायचंही कळू नये माणसाला?

आणि बरं होण्याचा न्याय तरी किती उलटा! सुरुवातीला आठवड्यातून दोनदा रक्त द्यायचं. तब्येत सुधारली की एकदा, मग पंधरवड्यातून एकदा. किडनी जितकी गुणी, तितक्या भेटी कमी. रिपोर्ट चांगला आला की मार्नी फोनवर नाचायची आणि टेस कॅलेंडरवर पुढच्या तारखेपर्यंतचे दिवस मोजायची.

मग एमेट म्हणाला, "पुढच्या गुरुवारी शेवटचं. त्यानंतर मला गावातच रक्त द्यायला सांगितलंय."

टेसची तारीख मात्र या वेळी बुधवारची होती.

बुधवारी ती आली, डोलोरेसबाईसमोर बसली, बाही वर केली आणि डोळ्यांत डोळे न घालता म्हणाली, "अगंबाई... गोळी घेऊन बसले की मी!" गोळी तिच्या खिशात होती. बाईने सुस्कारा सोडला. "उद्या ये."

गुरुवारी एमेट आला. दोघे शेजारी बसले. रक्त देऊन झालं, कापूस दाबून झाला, तरी कुणी उठेना.

"तर मग..." तो म्हणाला, आणि थांबला. टोपी हातात फिरवत राहिला. त्याला काय ऐकायचं होतं ते टेसला स्वच्छ कळत होतं.

"बरं झालं," ती म्हणाली. "पेट्रोल वाचेल तुझं."

तो हसला. "हो. तेही आहेच." टोपी घालून तो निघून गेला. टेस गाडीत बसली आणि रडली, अगदी नाक वाहीपर्यंत.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून फोन आला. नेहमीची तपासणी उत्तम होती. पण त्या रक्तावर एक नवी तपासणीही केली होती. मार्नीच्या किडनीचे सूक्ष्म अंश टेसच्या रक्तात किती सापडतात, ते मोजणारी. किडनीला इजा होऊ लागली की हे अंश जास्त झडतात. बाकी सगळं ठीक दिसत असतानाच झडतात. टेसचे वाढले होते.

लगेच भरती केलं, सुईने किडनीचा कणभर तुकडा काढून पाहिला. शरीर त्या किडनीला हळूहळू परकी मानू लागलं होतं. शिरेतून औषधं सुरू झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लवकर कळलं. अजून हातात आहे." मार्नी उशाशी बसून म्हणाली, "माझी वस्तू आणि तुला आवडेना होय!" आणि मग तिलाच हुंदका फुटला.

घरी आल्यावर पुन्हा रक्त दिलं. औषध लागू पडलं की नाही, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळणार होतं.

शुक्रवारी सकाळी टेसने गाडी काढली आणि उत्तरेचा रस्ता धरला.

शेबॉयगनला बंदरावर बोटींच्या तीन शेड होत्या. दुसऱ्या शेडमध्ये एका उलट्या बोटीखालून दोन ओळखीचे बूट बाहेर आले होते.

"एमेट."

घासायचं मशीन थांबलं. तो बाहेर आला, भुशाने माखलेला, आणि तिच्याकडे बघतच राहिला. औषधांनी तिचा चेहरा भाकरीसारखा फुगला होता.

"काय झालं तुला?"

तिने सगळं सांगितलं. बुधवारची थापही सांगितली. ती ऐकली मात्र, त्याचा चेहरा उतरला.

"माझ्यासाठी तपासणी पुढे ढकललीस?"

"एकच दिवस..."

"एक दिवस तरी का? अक्कल गहाण ठेवली होतीस? किडनी आहे ती टेस, पिक्चरचं तिकीट नाही!" त्याचा आवाज फुटला. "मला एक शब्द बोलली असतीस, तर मी रोज येऊन बसलो असतो तिथे. रक्त न देता बसलो असतो!"

"मग तू का नाही बोललास?"

"तुझा नियम होता ना!"

छपरावरचा बर्फ वितळून टपटपत होता.

"निकाल काय आला?" त्याने शेवटी विचारलं.

"यायचाय. आज."

"म्हणजे अजून काहीच माहीत नाही? मग थांबायचंस ना. निकाल घेऊन आली असतीस."

"चांगला आला असता तर नाचत आले असते," टेस म्हणाली. "वाईट आला असता, तर आलेच नसते. तुला पुन्हा कधी दिसले नसते मी. मी मला ओळखते." ती एक पाऊल पुढे आली. "म्हणून आधी आले. मला तू आवडतोस, एमेट. फार. आणि मला भीती वाटते. तुझी खुर्ची कधी रिकामी होईल याची, आणि माझी झाली तर तुझं काय होईल याची. ती भीती जाणार नाही. पण तू नसताना ती कमी होते असंही नाही. बघितलंय मी करून."

एमेटने हात पँटला पुसले. पुन्हा पुसले. मग ते तसेच भुशाचे हात त्याने तिच्या फुगलेल्या गालांवर ठेवले.

"माझ्या नोव्हेंबरच्या तपासणीत थोडं वर-खाली होतं," तो हळूच म्हणाला. "तुला सांगितलं नव्हतं. आपण फक्त ग्रेपफ्रूटचं बोलायचो ना."

"आता सांगशील?"

"सगळं सांगेन. तू कंटाळेपर्यंत."

त्याने शेडचं दार ओढून घेतलं, शेगडी पेटवली आणि एका फळीवरचा भुसा झटकून तिच्यासाठी जागा केली. टेसने आपला फोन दोघांच्या मध्ये ठेवला. मग तो नोव्हेंबरपासून सांगू लागला, आणि टेस त्याच्या खांद्याला टेकून ऐकत राहिली. दुपार टळली, उन्हं खाली आली. आजवर निकालाचा फोन लवकर यावा म्हणून तिने नखं कुरतडली होती. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, जरा उशिरा वाजला तरी चालेल.